दरीपलीकडची मंडळी

ज्याच्या मनगटावर घड्याळ तोच वेळेवर, असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं आहे. ज्याने हे ठरवलं, त्याने अर्ध्या जगाला न विचारताच उशिरा आलेलं म्हणून टाकलं. आणि वर तोच त्यांना शिकवायला निघाला.

मलावी देशात एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक मातीच्या विटांचं चर्च होतं. बसायला विटांचेच ओटे होते. घंटा म्हणून आंब्याच्या फांदीला ट्रकच्या चाकाची लोखंडी रिम टांगलेली होती. जुलै हा तिथे थंडीचा महिना. अशाच एका जुलैतल्या रविवारी त्या गावात एक पाहुणी आली. तिचं नाव सुनीती उजागरे, वय चोवीस, गाव श्रीरामपूरजवळचं. तिचे वडील त्यांच्या मंडळीच्या चर्चची घंटा वाजवायचे. तीस वर्षांत ती घंटा एका मिनिटाने चुकली नव्हती, आणि सुनीतीला या गोष्टीचा फार अभिमान होता.

मंडळीने तिला तीन आठवड्यांच्या सेवाकार्यासाठी पाठवलं होतं. त्या रविवारी ती आयुष्यातला पहिला उपदेश करणार होती. विषय होता 'हाक'. दूर गेलेल्यांना जवळ कसं बोलवावं, हे तिने चौदा पानांत लिहिलं होतं. दोन महिने खपून लिहिलं होतं आणि आरशासमोर इतक्यांदा म्हटलं होतं की आरशालाही पाठ झालं असेल. आज या डोंगरावर काहीतरी पेटणार, अशी तिची खात्रीच होती.

जीप चालवणाऱ्या योहानेने तिला आठ वाजता चर्चपाशी सोडलं. तिने बजावलं, बारा म्हणजे बारा, मला पुढच्या गावी पोचायचंय. योहाने हसून हो म्हणाला.

आत गाणं चालू होतं. आणि काय गाणं होतं ते. हातवारे करून सांगणारा कुणी नव्हता, कुणाच्या हातात पुस्तक नव्हतं, तरी चार आवाज चार वाटांनी निघून एका जागी भेटत होते. नगारा घुमला की ओट्याखालची धूळ उडायची. एक गाणं संपतंय तोच कोपऱ्यातली एखादी बाई दुसरं उचलायची. सुनीतीच्या अंगावर काटा आला. टाळ्या वाजवून तिचे तळवे लाल झाले.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. गाणं काही थांबेना. तळव्यांची लाली उतरली आणि सुनीतीचा पाय हलायला लागला. तिला वाटलं, हा सराव असावा, खरी उपासना पुढेच आहे. शेजारी गावातली शिक्षिका तामांडा बसली होती. उपदेशाचा अनुवाद तीच करणार होती. सुनीतीने तिला विचारलं. तामांडा म्हणाली, दरीपलीकडचे लोक अजून यायचेत.

"किती वाजेपर्यंत थांबायचं?"

"येईपर्यंत," तामांडा म्हणाली.

हे काही उत्तर आहे का, असं सुनीतीला वाटलं. दहाला पाच कमी असताना ती उठली आणि सरळ उपासना चालवणाऱ्या पाळकांकडे गेली. पाळक कचाले साठीचे, शांत गृहस्थ होते. आमच्याकडे उशिरा येणारे गुपचूप मागच्या बाकावर बसतात, असं ती म्हणाली. जे वेळेवर आले त्यांना ताटकळत ठेवायचं, हा त्यांच्यावर अन्याय नाही का? तामांडाने याचा अनुवाद बराच गोड करून केला असणार, कारण पाळक हसले. ते दारापाशी गेले. दरी धुक्याने भरली होती, काही दिसत नव्हतं. ते तिथे जरा वेळ उभे राहिले आणि परत आले. पाहुण्याची पहिली मागणी त्या भागात कुणी मोडत नाही. पाळकांनी हात वर केला. गाणं थांबलं.

सुनीतीने पहिलं पान उघडलं आणि सुटलीच ती. तिचा आवाज खणखणीत होता, शब्द तयार होते. चौथ्या पानावर तिला दिसलं की पुढच्या ओट्यावर हिरवं फडकं बांधलेली एक म्हातारी रडते आहे. सुनीतीला भरून आलं. तिने आवाज आणखी चढवला. पाचव्या पानाशी म्हातारी फडक्याचं टोक तोंडाला लावून दाराकडे बघायला लागली. सहाव्या पानाशी तिच्या शेजारणीही दाराकडे बघायला लागल्या. सुनीती थांबली आणि हलकेच म्हणाली, "त्यांना विचारा, देव त्यांच्याशी काय बोलला?"

तामांडाने विचारलं नाही. तिला ठाऊकच होतं. ती म्हणाली, "त्या उपदेशाने रडत नाहीत, सिस्टर. त्यांची लेक दरीपलीकडे दिली आहे. ती आज बाळाला बाप्तिस्म्यासाठी घेऊन निघाली आहे. आता ती परत फिरली असेल."

"परत का फिरेल?"

मग तामांडाने सगळं सांगितलं. पाळकांकडे सात गावं आहेत आणि सायकल एकच. या गावाची पाळी दोन महिन्यांनी येते. कधी सायकल मोडते, कधी कुठे मयत होते, आणि तो रविवार हुकतो. दरीपलीकडे फोन लागत नाही. तिकडचे लोक पहाटे निघतात, दरीच्या तळाशी ओढ्यावर येतात आणि उभे राहून ऐकतात. वरून गाणं आलं तर हा चढ चढतात. गाणं आलं नाही तर पाळक आले नाहीत असं समजून आल्या वाटेने घरी जातात. म्हणून शेवटचा माणूस दारात येईपर्यंत इथे गाणं थांबत नाही.

हे आधी का नाही सांगितलंत, असं सुनीतीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. 'येईपर्यंत' असं उत्तर तिला मिळालं होतं. त्यापुढचा प्रश्न तिनेच विचारला नव्हता.

अजून आठ पानं उरली होती, आणि सगळ्यात चांगला भाग त्यातच होता. बोलत राहिली असती तर कुणी तिला अडवलं नसतं. सुनीतीने पानं टेबलावर पालथी घातली आणि ती धावत सुटली. चर्चच्या मागे दरीच्या तोंडाशी एक मोठा खडक होता. ती त्यावर चढली. धुकं फाटत होतं. समोरच्या उतारावर लाल, पिवळ्या, निळ्या ठिपक्यांची एक ओळ दिसली. पंधरा-वीस माणसं असतील. ओळ वर चढत होती, लांब चालली होती.

तिने हाक मारली. चौदा पानं हाकेवर लिहिणारीची हाक दरीत पडली आणि तिथेच राहिली. मग तिने गायला सुरुवात केली. त्या लोकांची गाणी तिला येत नव्हती. लहानपणी चर्चच्या शब्बाथशाळेत शिकलेलं एक मराठी भजन तेवढं तोंडावर आलं, टाळावर म्हणायचं, साध्या चालीचं. ती डोळे मिटून, घसा ताणून म्हणायला लागली. एकटीचा आवाज तो, केवढा असणार? ओळ चालतच राहिली.

तेवढ्यात मागून नगाऱ्याचा ठोका आला, बरोबर भजनाच्या ठेक्यावर. तिने वळून पाहिलं तर सगळं चर्च बाहेर आलं होतं. शब्द कुणाला कळत नव्हते. त्यांनी धृपदातला शेवटचा शब्द तेवढा पकडला, त्याचे चार सूर केले आणि तो दरीवर असा फेकला की खडक पायाखाली थरथरला. श्रीरामपूरचं भजन एवढं मोठं होऊ शकतं, हे सुनीतीला त्या दिवशी कळलं.

ओळ थांबली. एक पिवळा ठिपका बाजूला झाला. सगळ्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा तोच शब्द फेकला. मग पलीकडून, बारीक, उशिराने, उत्तर आलं. ते त्यांचं स्वतःचं गाणं होतं. हिरव्या फडक्यातली म्हातारी मटकन खडकावर बसली आणि हसायला लागली.

सुनीतीच्या घशाची पार वाट लागली होती. आता ऐकलं त्यांनी, थांबू या का, असं तिने तामांडाला विचारलं.

तामांडाने मान हलवली. "दरीत उतरले की त्यांना आपण दिसत नाही, सिस्टर."

मग पुढचे दोन तास ते गात राहिले. बारा कधी वाजले, सुनीतीने पाहिलं नाही. पहिलं डोकं खडकाखालच्या वाटेवर दिसलं तेव्हा ती सगळ्यांत पुढे होती. लेक आली, बाळ आलं, काठी टेकत दोन म्हातारे आले. सगळे मागच्या नाही, पुढच्या ओट्यांवर बसले. बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा बाळाने मोठी जांभई दिली, आणि सगळं चर्च हसलं.

पाळकांनी सुनीतीला उपदेश पुरा करायला सांगितलं. ती उभी राहिली, पण आवाज बसला होता. ती कशीबशी म्हणाली, "मी तुम्हाला हाक मारायला शिकवणार होते. मला माफ करा." तामांडाचा अनुवाद याहून चांगलाच लांब झाला. लोक टाळ्या वाजवायला लागले. तिने मधे काय घातलं, ते सुनीतीने विचारलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तीन वाजून गेले होते. जीप आंब्याखाली उभी होती. योहाने बाराला आला होता, खडकावर सगळ्यांच्या मागे उभा राहून गायलाही होता. सुनीतीने त्याची माफी मागितली. तीन तास उशीर झाला, असं ती म्हणाली. त्यावर योहाने जे बोलला, ते ती घरी गेल्यावर वडिलांना सांगणार आहे.

तात्पर्य: जो मागच्यांसाठी थांबत नाही, तो वेळेवर पोचूनही एकटाच पोचतो. आणि योहानेच्या शब्दांत सांगायचं तर, "मी आलो तेव्हा गाणं चालू होतं, सिस्टर. गाणं चालू असताना उशीर कसा होईल?"