आतून उघडणारा कोष

कण लाटा होऊन हिंडायचे, त्या फार जुन्या काळी एका गारठलेल्या पोकळीत एक खडा राहायचा. कणांच्या लाटा दिवसभर त्याच्यावर आदळत.

"वाटेतच बसलायस का रे, ठोंब्या?" एक धाकटी लाट त्याला रोज चिडवायची.

कंटाळून खड्यानं रेशीमअळीला हाक मारली. "मावशी, मला लपव."

मावशीनं त्याच्याभोवती थरावर थर देत कोष विणला. "आता लाटा तुला वळसा घालून पलीकडे पुन्हा जुळतील. तू इथं आहेस हे कुणाला कळणारही नाही. पण आम्हा अळ्यांचा कोष आतूनच उघडतो हो बाळा, बाहेरून नाही."

खडा सुखावला. लाटा अलगद वळल्या, जुळल्या, निघून गेल्या. पुढं शांतता इतकी दाटली, की आपण अजून आहोत का, हेच त्याला कळेना.

बाहेर धाकटी लाट त्याला शोधत होती. तिच्या हाकाही कोषाला वळसा घालून पुढं जात होत्या.

एके दिवशी खड्यानं स्वतःच चाचपडत एकेक धागा सोडवला.

धाडकन लाट येऊन आदळली. "अगं बाई, आहेस होय! लागलं का रे?"

"लागलं," खडा म्हणाला. "उद्याही ये."