टेकाडानं पोट उकरून घेतलं

माती आणि दगड एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. नदीच्या वळणावर एक पांढरं टेकाड होतं. त्याच्या पोटात एकावर एक सात गावं गाडली गेली होती आणि वर नुसत्या बाभळी. समोरच्या किल्ल्याचा दरवाजा रोज सकाळी गर्जायचा, "या मुलखात माझ्याआधी कोणीच नव्हतं!"

टेकाडाला हे सोसवेना. त्यानं पोटात राहणाऱ्या घुशीला हाक मारली. "उकर गं! माझ्यातलं सगळ्यात जुनं घर वर काढ. त्या दरवाजाच्या तोंडावर मारायचंय."

घुशीनं बांगड्यांचे तुकडे काढले. "हे तर कालचं!" दरवाजा हसला.

"अजून खाली!" टेकाड म्हणालं.

मग नक्षीची खापरं निघाली, दगडी पाटा निघाला. दरवाजा हसतच होता. टेकाडाला दम कुठला?

"बाबा, आतून पोकळ झालात," घूस म्हणाली. "आता पुरे."

"खाली म्हटलं ना!"

शेवटी एका चुलीची राख लागली. ती उकरताच टेकाडाची अर्धी बाजू धाडकन नदीत गेली, बांगड्या-खापरांसकट.

धुरळा बसल्यावर टेकाडानं कण्हत विचारलं, "चुलीखाली काय होतं गं?"

"बीळ. आमच्याच पूर्वजांचं."

"म्हणजे सगळ्यात जुनी वस्ती तुमची? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

घुशीनं मिशांवरची माती झटकली. "बोललं की दाखवावं लागतं, बाबा. आम्हाला तिथं राहायचं होतं."