दुर्बिणीवरचा खंड्या

"...तर मग या रविवारची पक्षीफेरी मी एकट्याने नेऊ ना?"

निनादने हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबीकाका कुबल काठावर बसून दोरीला गाठ मारत होते.

चाळीस वर्षं त्यांनी या खाडीवर होडी चालवली. पूल झाला, होडी थांबली. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत ते पाहुण्यांना काठाकाठाने हिंडवून पक्षी दाखवतात. निनाद पुण्याचा, तीन हिवाळे त्यांच्या मागे फिरलेला. एकशे ब्याऐंशी पक्ष्यांची नावं त्याला तोंडपाठ होती आणि ती ऐकवल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"आदी माका एक पक्षी दाखय," काका म्हणाले. "जवळसून."

एवढंच ना! ओहोटी होती. दूर, पाण्याच्या कडेला लांब बाकदार चोचीचा कोरल गाळ टोचत होता. निनादने तीन पायांची दुर्बीण खांद्यावर टाकली आणि तो थेट चिखलात उतरला.

"अरे, थंय नको..."

शहाण्याला कोण सांगणार? वीसेक पावलांवर त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत रुतले. कोरल केव्हाच उडाला होता.

"काका, ओढा!"

काकांनी दोरी फेकली. निनादने ती कमरेला बांधली. काका मात्र दुसरं टोक हातात धरून निवांत बसून राहिले.

"अहो, ओढा ना!"

"आता ओढलंय तर पाय मुरगळतलो. भरती लागली हा. पाणी शिरला काय चिखल आपसूक पाय सोडता. तवसर गप ऱ्हव."

"आणि तोवर मी काय करू?"

"काय्येक करू नको."

निनाद आधी चडफडला, मग रुसला. मग दमला आणि गप्प झाला...

पाणी चढू लागलं. गाळाची पट्टी अरुंद होत गेली, तसे तिच्यावरचे सगळे पक्षी काठाकडे, म्हणजे निनादकडेच सरकू लागले. तुतवार आले. एक चिखल्या तर त्याच्या पायाशीच किडे टिपून गेला. मघाचा कोरलही परत आला आणि हातभर अंतरावर उभा राहिला.

मग खंड्याने कमाल केली. शेजारी रोवलेल्या दुर्बिणीवर तो येऊन बसला आणि मान वाकडी करून निनादकडे बघू लागला.

निनादचं नाक खाजत होतं. त्याने खाजवलं नाही. इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. डोळे भरून आले, तेही त्याने पुसले नाहीत.

काठावर काकांचं पोट हसून हसून हलत होतं, पण तोंडातून आवाज नव्हता.

पाणी मांडीला लागलं आणि पाय खरंच सुटले. काकांनी दोरी ओढत त्याला काठावर घेतलं. दुर्बीण हातात, बूट चिखलात.

"कितके पक्षी झाले?"

निनाद आठवू लागला...

"काका, मोजायचं राहूनच गेलं!" आणि तो खदाखदा हसत सुटला. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाला, "रविवारचं राहू दे. मला अजून काही येत नाही."

काकांनी ओली दोरी गुंडाळली आणि त्याच्या खांद्यावर टाकली.

"आयतवारी लोकांका तूच घेवन जा. दोरी इसरू नको."