हमी संपल्यावरचा रेडिओ

प्राणी दुकानं चालवायचे त्या काळातली ही गोष्ट. साळूबाई साळिंदराने कोल्ह्याच्या दुकानातून हौसेने रेडिओ घेतला. त्याला एक वर्षाची हमी होती. वर्ष सरलं आणि पुढच्याच आठवड्यात रेडिओ मुका झाला.

"हमी संपली, साळूबाई. आता नवा घ्या," कोल्हा हसत म्हणाला.

साळूबाई तडक पंच हत्तीणआजीकडे गेली. तिथे माकड आणि ससाही आपापले मुके रेडिओ घेऊन बसले होते. आजीने कोल्ह्याला बोलावून तिन्ही रेडिओ उघडायला लावले. तिन्हींतली तार एकाच जागी तुटली होती.

"तार इतकी बारीक का?" आजीने विचारलं.

"स्वस्त पडते," कोल्हा पुटपुटला. "पण हमी तर संपलीय ना!"

"हमी आत्ता संपली, कोल्होबा. खोट पहिल्या दिवसापासून होती," साळूबाई म्हणाली. "ती तुमचीच."

आजीने मान डोलावली. कोल्ह्याने तिथेच बसून फुकटात जाड तारा जोडल्या. तिन्ही रेडिओ एकदम गाऊ लागले आणि ससा नाचायलाच लागला. तो आवाज ऐकून अस्वल धावत आलं. त्याच्यामागे भली मोठी रांग होती आणि प्रत्येकाच्या काखेत एक मुका रेडिओ होता.