धामणीचा दोरा

शके सतराशे बारा, श्रावणाचा वद्य पक्ष. भाताची लावणी उरकली होती आणि शेतांतून पाणी उभे होते. त्या दिवसांत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक कोठारवाला राहत होता. साऱ्या गावाचे बियाण्याचे भात त्याच्या कोठारात, बांबूच्या मोठमोठ्या कणग्यांत भरलेले असे. माणूस उतारवयाचा, कामाचा पक्का आणि बोलायला कडू.

त्या गावात एक रीत होती. जिथे धान्य किंवा पेंड साठवायची, तिथे धामण पाळायची. धामणीला विष नसते आणि उंदरांचा तिला कंटाळा नसतो. मांजर कणगीखालच्या बिळात शिरू शकत नाही, धामण शिरते. त्यामुळे कोणाच्या घरी गाय असावी तशी त्या गावात कोठारात धामण असे आणि तिला नावही असे.

कोठारवाल्याची जुनी धामण म्हातारी होऊन उन्हाळ्यात मेली. तेव्हापासून उंदीर माजले. त्यांनी एक कणगी तळातून पोखरली. पंचांनी कोठारवाल्याला बोलावून सांगितले, “यंदा झालं ते झालं. पुढच्या वर्षी बियाण्याला तोंड लागलं, तर किल्ली दुसऱ्याकडे द्यावी लागेल.” ती किल्ली त्याच्या आजाने कमरेला लावली होती.

म्हणून शेताच्या बांधावर धामणीचे पिल्लू दिसले, तेव्हा त्याने ते डोक्यावरच्या पागोट्यात गुंडाळून घरी आणले. करंगळीहून बारीक, अंगावर पिवळट झाक.

“काय आणलंत?” बायकोने विचारले.

“कोठाराची राखण.”

तिने पागोट्यात डोकावून पाहिले. “ही राखण करणार? हिलाच कुणीतरी राखायला हवं.”

“खाईल आणि वाढेल.”

“तुमच्यासारखी चिडकी न निघो म्हणजे झालं,” ती म्हणाली आणि पिल्लासाठी जुने मडके शोधायला गेली. नाव तिनेच ठेवले, पिवळी.

धामणीला काय भरवायचे याचेही गावात माप ठरलेले होते. धामणीच्या अंगाचा जो भाग सर्वांत जाड, त्याभोवती दोरा गुंडाळायचा आणि त्या मापाचे कडे करून गाठ मारायची आणि कडे उतरवून ठेवायचे. ज्या उंदराचे अंग त्या कड्यातून सहज जाईल, तो तिचा घास. कड्यात अडकला, तर तो तिचा नव्हे. धामणीने कात टाकली की जुना दोरा सोडायचा आणि त्याच दिवशी नवा बांधायचा. कातेच्याच दिवशी का, हे कोणी विचारत नसे. वाडवडील तसे करत आले होते.

पिवळीच्या पहिल्या दोऱ्यातून उंदराचे नुकते जन्मलेले, डोळे न उघडलेले पिल्लूच जेमतेम जाई. कोठारवाला रोज सकाळी कणग्यांमागे अशी पिल्ले शोधी. पिवळी ती आरामात गिळी आणि मडक्यात वेटोळे घालून पडे. तो मडक्याशी बसून राही. बायको म्हणे, “पोरं लहान होती तेव्हा इतका वेळ बसला नाहीत कधी.” तो म्हणे, “पोरं बोंबलत होती. ही गप्प असते.”

पण भादवा उजाडला आणि त्याला घाई झाली. कापणीनंतर नवे भात कोठारात येणार होते, त्यासोबत उंदीरही येणार होते, आणि पिवळी अजून बोटाएवढी. त्यातच एका दुपारी शेजारची तेलीण घाण्याच्या दारात उभी राहून म्हणाली, “काय दादा, राखणदार मोठी झाली का? का अजून पाळण्यातच आहे?”

“कार्तिकात बघ,” कोठारवाला म्हणाला. “घूस गिळेल ती.”

“घूस तिला गिळेल,” तेलीण म्हणाली आणि हसत आत गेली.

ते हसणे त्याला झोंबले. घरी येऊन त्याने पिवळीला उचलले. तिने सकाळीच दोन पिल्ले गिळली होती आणि तिचे पोट टरारले होते. कात टाकायला अजून अवकाश होता. पण त्याला ती आज चांगली भरलेली दिसली. त्याने जुना दोरा सोडला, फुगलेल्या पोटाभोवती नवा गुंडाळला आणि गाठ मारली. कडे बरेच मोठे झाले. तो खूश झाला.

चार दिवसांनी त्याने त्या कड्यातून एक चांगला तरणा उंदीर ओढून पाहिला. गेला. दोऱ्याने होकार दिला, म्हणून त्याने तो पिवळीपुढे टाकला.

पिवळी भुकेली होती. तिने उंदीर धरला आणि गिळायला घेतला. जबडा पार ताणला गेला, कातडी तटतटली. दुपारची सावली लांब झाली तरी उंदराचे शेपूट तिच्या तोंडाबाहेरच होते. शेवटी तेही आत गेले. कोठारवाल्याने बायकोला हाक मारून दाखवले. “बघ. वाढली की नाही?”

तिसऱ्या दिवशी पिवळीने तो अख्खा उंदीर ओकून टाकला. मग ती मडक्याच्या तळाशी सैल पडली. उचलली तर दोरीसारखी हातावरून लोंबू लागली.

कोठारवाल्याने दोरा पुन्हा पुन्हा पाहिला. “माप तर बरोबर होतं,” तो म्हणाला. “दोऱ्यातून गेला होता.”

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने मुद्दाम त्याच्या आवडीची आंबोळी केली आणि समोर बसून वाढली. तो पोटभर जेवून उठला, तेव्हा बंडीचे बंद पोटावर ताणले गेले होते. बायको सहज बोलून गेली, “आत्ता शिंपी आला, तर तुमच्या बंडीला वीतभर कापड जास्त मागेल.”

कोठारवाला हात धुता धुता थांबला. “काय म्हणालीस?”

“चेष्टा केली हो.”

“नाही, खरं बोललीस.” तो मडक्याशी जाऊन बसला. “मी हिचं माप जेवल्यावर घेतलं. कात टाकायच्या आधी धामण काही खात नाही, म्हणजे त्या दिवशी पोट रिकामं असतं. म्हणून कातेच्या दिवशी मापायचं. मी हिचं अंग नाही मोजलं, हिचं जेवण मोजलं.” मडक्यात डोकावत तो म्हणाला, “आणि माझी घाई.”

बायकोने त्याला आणखी टोचले नाही. ती म्हणाली, “आजारी माणसाला काय देतो आपण? आधी उपास, मग पेज. हिलाही तसंच.”

त्याने पिवळीला आठ-दहा दिवस नुसते पाणी ठेवले आणि मडके उबेला चुलीमागे हलवले. ती हळूहळू मान उचलू लागली. आता तिला अगदी इवले पिल्लू हवे होते. पण कोठारात ते मिळेना. त्याने सारी बिळे धुंडाळली. जी होती ती सगळी मोठी झाली होती.

“घाण्यात असतील,” बायको म्हणाली. “पेंडीच्या पोत्यांखाली नेहमी असतात.”

कोठारवाला उठला नाही. त्या दारात त्याने घुशीची बढाई मारली होती. त्याच दारात जाऊन उंदराचे पिल्लू मागायचे म्हणजे मान खाली घालून जाणे. तो संध्याकाळपर्यंत बसला. मग पिवळीने मडक्याच्या काठावर हनुवटी टेकवली आणि जीभ काढली. तो उठला, परडी घेतली आणि घाण्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

“पिल्लं हवी होती,” तो म्हणाला. “लहान. मी तिला मोठा उंदीर घातला. ओकली.”

तेलीण थट्टा करणार होती. पण तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि पोती सरकवायला लागली. परडीत चार पिल्ले ठेवत ती म्हणाली, “उसनी नेताय, दादा. पीठ असो की उंदीर, उसनं ते उसनं. आणि परत द्याल तेव्हा एवढीच द्या. मला घूस नको.”

“एवढीच देईन.”

पहिले पिल्लू पिवळीने गिळले आणि ते पोटात राहिले. कोठारवाला तीन दिवस मडक्याजवळ कोणाला मोठ्याने बोलू देईना.

कार्तिकात नवे भात आले. पिवळीकडून राखणीचे काम होणार नव्हते. मग ते कोठारवाल्याने स्वतः केले. त्याने कोठारातच अंथरूण टाकले, बिळे चिखलाने बुजवली, सापळे लावले आणि हातात काठी घेऊन सारा हिवाळा कणग्यांभोवती फिरला. लोक म्हणत, “धामणीला पाळायचं सोडून हाच धामण झालाय.” तो ऐकून न ऐकल्यासारखे करी. बियाणे जसेच्या तसे राहिले आणि किल्ली त्याच्या कमरेला राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र पिवळी सुकल्यासारखी दिसू लागली. लांबीला वाढली होती, पण त्या मानाने अंग भरत नव्हते. दिवसभर मडक्यात फेऱ्या मारी. तिने कात टाकली तरी नवा दोरा न बांधता कोठारवाला अजून तिला तीच इवली पिल्ले घालत होता. भीती त्याच्या मनातून गेली नव्हती.

बायको म्हणाली, “बरं झालेल्या माणसाला जन्मभर पेजच द्यायची का?”

दोन दिवसांनी पिवळीने कात टाकली, तेव्हा त्याने तिला हातावर घेतले आणि रिकाम्या अंगावर नवा दोरा बांधला. ओढून नाही, सैलही नाही. कडे तिच्या पहिल्या कड्यापेक्षा दुपटीने मोठे होते. त्याने एक मध्यम उंदीर त्यातून नेऊन पाहिला. मग त्याने तो पिवळीपुढे सोडला. तिने गिळला, पचवला आणि आठवड्याने पुन्हा तोंड वर केले.

मग प्रत्येक कातेला नवा दोरा आणि दोऱ्याप्रमाणे घास. दोन पावसाळे गेल्यावर पिवळी मनगटाएवढी झाली आणि मडके सोडून कणग्यांखाली राहू लागली. कोठारवाल्याने अंथरूण घरात आणले. बायको म्हणाली, “लेक कामाला लागली.”

त्याच वर्षी तेलिणीची धामण गेली आणि तिने करंगळीएवढे पिल्लू आणले. घाण्यात तेव्हा सगळे मोठे उंदीर होते. तिने कोणाला काही म्हटले नाही. पण तिच्या पिल्लाने कात टाकली, त्या दिवशी कोठारवाला परडी घेऊन घाण्याच्या दारात आला. त्याने पिल्लाला दोरा लावला आणि परडीतले उंदराचे एकेक पिल्लू त्या कड्यातून काढून दाखवले. चारही सहज गेली.

“मोजून घे,” तो म्हणाला.

“घेतली, दादा. फिटलं.”

तो परडी घेऊन घरी गेला.

यातून घ्यायचे ते इतकेच: वाढणाऱ्याला घास द्यावा तो त्याच्या अंगाच्या मापाने, आपल्या घाईच्या किंवा भीतीच्या मापाने नव्हे, आणि तो जसजसा वाढेल तसतसे माप पुन्हा घ्यावे.