कुंभारीण माशी आणि फुस्स गाडी

एक होती कुंभारीण माशी. इवलीशी. कंबर दोऱ्याएवढी.

तिला घालायचं होतं अंडं. अंड्याला हवं घर. म्हणून ती नळाखालची ओली माती आणायची. गोळी करायची. कमळूमावशीच्या शेडच्या भिंतीवर लावायची.

गुंई गुंई, थाप थाप. गुंई गुंई, थाप थाप.

घर झालं अर्धं. तेवढ्यात कमळूमावशीनं आपली जुनी निळी गाडी सुरू केली.

फट् फट् फट्... फुस्स!

गाडीच्या पोटाखालून गरम वारा सुटला. थेट भिंतीवर! ओली माती सुटली.

टप्प! घर खाली.

"अगं बाई! आता अंडं ठेवू कुठे? आज घालायचंय, आजच!" माशी म्हणाली.

मग तिला नवल वाटलं. गाडीचा धूर तर मागून निघतो. मग हा वारा पोटाखालून कसा? गुंई गुंई, ती गेली विचारायला.

"गाडीताई, गाडीताई, माझं घर टिकेना. तू गप्प हो ना!"

गाडी म्हणाली, "मी नाही होणार. माझ्या धुराच्या नळीचा सांधा उघडा आहे. सांधा मिटला, तर मी गप्प होईन."

गुंई गुंई, माशी गेली गाडीखाली. दोन नळ्या जिथे जोडल्या होत्या, तिथे होता सांधा.

"सांधेदादा, सांधेदादा, गाडी गप्प होईना, माझं घर टिकेना. तू मिट ना!"

सांधा म्हणाला, "मी नाही मिटणार. माझ्यामधली चकती फाटलीय. नवी चकती बसली, तर मी मिटेन."

गुंई गुंई, माशी गेली भिंतीवरच्या खिळ्यापाशी. खिळ्याला टांगली होती नवी चकती. गोल गोल, चकचकीत.

"चकतीबाई, चकतीबाई, सांधा मिटेना, गाडी गप्प होईना, माझं घर टिकेना. तू बस ना!"

चकती म्हणाली, "मी नाही बसणार. नटानं सांधा आवळून धरलाय. मी आत जाऊ कशी? नट फिरला, तर मी बसेन."

गुंई गुंई, माशी गेली नटाकडे. नट होता लाल लाल, गंजका.

"नटोबा, नटोबा, चकती बसेना, सांधा मिटेना, गाडी गप्प होईना, माझं घर टिकेना. तू फिर ना!"

नट म्हणाला, "आई गं! मी नाही फिरणार. गंजानं अंग आखडलंय. तेल ओघळलं, तर मी फिरेन."

गुंई गुंई, माशी गेली फळीवर. फळीवर होती लांब चोचीची डबी. डबीत होतं तेल.

"तेलूकाका, तेलूकाका, नट फिरेना, चकती बसेना, सांधा मिटेना, गाडी गप्प होईना, माझं घर टिकेना. तू ओघळ ना!"

तेल म्हणालं, "मी नाही ओघळणार. नळी केवढी तापलीय! पडलो की चर्र! नळी गार झाली, तर मी ओघळेन."

गुंई गुंई, माशी गेली नळीकडे. जरा लांबच थांबली.

"नळीकाकू, नळीकाकू, तेल ओघळेना, नट फिरेना, चकती बसेना, सांधा मिटेना, गाडी गप्प होईना, माझं घर टिकेना. तू गार हो ना!"

नळी म्हणाली, "मी नाही होणार. गाडी चालू, तोवर मी गरम. मावशीनं गाडी बंद केली, तर मी गार होईन."

गुंई गुंई, माशी गेली मावशीकडे.

मावशी गाडीमागे वाकली होती. शेजारचे बापू कुंपणाशी उभे होते, कपबशी धरून.

"कमळू, ही गाडी आहे की गिरणी? माझा चहा बशीत नाचतोय!"

"तेच तर शोधतेय, बापू! आवाज मागून येतोय!"

"मागून कुठला? पुढून!"

"मागून!"

"पुढून!"

माशी मावशीच्या कानाशी गेली.

"मावशी, मावशी, नळी गार होईना, तेल ओघळेना, नट फिरेना, चकती बसेना, सांधा मिटेना, गाडी गप्प होईना, माझं घर टिकेना. तू गाडी बंद कर ना!"

फट् फट् फट्... फुस्स!

"काही म्हणजे काही ऐकू येईना!" मावशी म्हणाली. "आवाज कुठला ते कळलं, तरच गाडी बंद करीन."

आता काय करायचं? भोक दिसलं की माती लावायची. कुंभारीणच ती! माशीनं आणली ओल्या मातीची गोळी. चांगली मोठी. लांबूनच नेम धरला आणि टाकली सांध्यावर.

फुस्स! गोळी उडाली.

थप्प! मावशीच्या नाकावर.

"अगोबाई! चिखल? गाडीच्या पोटातून?"

मावशीनं गोणपाट टाकलं. आडवी झाली. आत डोकावली. सांध्याभोवती होती काळी काळी काजळी.

"सापडलं, बापू! मागे नाही, पुढे नाही. मधेच आहे!"

"मी तेच म्हणत होतो," बापू म्हणाले.

मग मावशीनं गाडी बंद केली. नळी गार होऊ लागली. टिक... टिक... टिक...

"झाली का गार?" बापूंनी विचारलं.

"नाही."

टिक... टिक...

"आता?"

"थांबा हो! बोटं भाजून घ्यायचीत का?"

टिक...

मग नळी गार झाली.

नळी गार झाली, मग तेल ओघळलं. टप टप टप.

तेल ओघळलं, मग नट फिरला. कर्र कर्र कर्र.

नट फिरला, मग फाटकी चकती निघाली, नवी चकती बसली. टच्च!

चकती बसली, नट आवळला, मग सांधा मिटला.

सांधा मिटला, मग मावशीनं किल्ली फिरवली.

फट् नाही. फुस्स नाही. नुसतं गुर्र... गुर्र... गाडी गप्प झाली!

आणि भिंतीवर? गुंई गुंई, थाप थाप. गुंई गुंई, थाप थाप. घर झालं! गोल गोल, माठासारखं. माशीनं आत अंडं घातलं. तोंडाला मातीचं झाकण लावलं.

"बापू, ऐकलंत? कोण गातंय हे?" मावशीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग भिंतीवर बघितलं. "अय्या! तो चिखल तुझा होता होय! आत काय ठेवलंयस गं?"

"उघडून बघ की," बापू म्हणाले.

"छे! ज्याचं घर, त्यानंच दार उघडावं."

मावशीनं गाडी भिंतीपासून हातभर लांब लावली. रोज सकाळी ती आधी भिंत बघायची. झाकण मिटलेलं? मिटलेलंच. मग हळूच किल्ली फिरवायची.

आणि एका सकाळी झाकणाला भोक होतं. इवलंसं, गोल. घर रिकामं. आणि शेडमध्ये कोणीतरी नवंच उडत होतं. कंबर दोऱ्याएवढी.

गुंई गुंई. गुंई गुंई.