चिचुंद्रीची अडलेली गाडी

एक होता माळ. माळावर होतं एक बीळ. बिळात राहायची चिचुंद्री. एवढीशी. नाक लांब, शेपूट लांब, मधलं अंग मूठभर.

चिचुंद्रीकडे होता एक कॉम्प्युटर. म्हातारा. कुणीतरी उकिरड्यावर टाकलेला. चिचुंद्रीने दातांनी धरला आणि ओढत ओढत घरी आणला. हात कुणी लावला नाही. बघायला मात्र सगळे होते.

त्याचा पंखा वाजायचा घर्रर्र. त्याचा पडदा करायचा लुकलुक. पण त्यात होता गाडीचा खेळ. माळावर घरोघरी तोच खेळ. कावळा खेळायचा, मांजर खेळायची, बोकड खेळायचा, कोंबडा खेळायचा, रेडासुद्धा खेळायचा. चिचुंद्रीची गाडी लाल. रोज शर्यत. भुर्रर्र, भुर्रर्र.

एके दिवशी खेळ मोठा झाला. नवे रस्ते आले. नवे पूल आले. म्हाताऱ्याच्या डोक्यात एवढं मावेना. चिचुंद्रीची गाडी पुलावर चढली आणि थांबली. टप्प. मागच्या गाड्यापण थांबल्या. टप्प, टप्प, टप्प.

सगळे म्हणाले, हिला काढा. हिच्यामुळे खेळ अडतो. आणि काढलीच तिला. काय झालं ग बाई, असं एकानेही विचारलं नाही.

चिचुंद्री रडली का? रडली थोडी. मग नाक पुसलं. लांब नाक ते, पुसायला वेळ लागला.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर डोंगराएवढं खोबरं लागतं. माळावर सगळं खोबऱ्यावरच मिळतं. चिचुंद्रीकडे होता खोबऱ्याचा एक तुकडा. एकच. रोज त्याचा वास घ्यायची, ठेवून द्यायची. वास घ्यायची, ठेवून द्यायची.

ती म्हणाली, नवा नको. जुन्यालाच रॅमची एक पट्टी बसवू. पट्टी बसली की डोक्यात जागा होते. जागा झाली की गाडी चालते.

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कावळ्याचं होतं जुन्या सामानाचं दुकान.

"कावळेशेठ, कावळेशेठ, पट्टी द्या. माझी गाडी चालेना."

कावळा म्हणाला, आधी खोबरं ठेव. तिने ठेवलं. त्याने खाल्लं. गट्टम. इथेच चुकलं बघा तिचं. माल हातात नाही आणि खोबरं पोटात. तेही दुसऱ्याच्या.

मग कावळा चोच पुसून सांगायला लागला. पट्टी आहे या डब्यात. डबा आहे स्क्रूने बंद. स्क्रू काढायचा पेचकस नेलाय मांजरीने.

"आधी माझं मला, मग तुझं तुला."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मांजर बसली होती उन्हात. पेचकसाने पाठ खाजवत होती. खर्र, खर्र. चिचुंद्रीला बघून तिने नाक मुरडलं. मांजर चिचुंद्रीला खात नाही. वास येतो म्हणे. तेवढं एक बरं आहे.

"मांजरबाई, मांजरबाई, पेचकस द्या.
कावळा पट्टी देईना,
माझी गाडी चालेना."

मांजर म्हणाली, माझी उशी बोकडाने नेलीय. उशी नाही तर झोप नाही. झोप नाही म्हणून मी खाजवत बसते.

"आधी माझं मला, मग तुझं तुला."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बोकड उशीवर झोपला होता का? छे. उशीचा कोपरा चघळत उभा होता. चबक, चबक.

"बोकडभाऊ, बोकडभाऊ, उशी द्या.
मांजर पेचकस देईना,
कावळा पट्टी देईना,
माझी गाडी चालेना."

बोकडाने दाढी हलवली. त्याची घंटा म्हणे कोंबड्याने नेली होती. गळ्यात घंटा नाही तर बोकडाला कोण बोकड म्हणणार?

"आधी माझं मला, मग तुझं तुला."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखायला लागले. पाय तरी केवढे? तांदळाच्या दाण्याएवढे.

कोंबडा उभा होता कुंपणावर. गळ्यात बोकडाची घंटा. घंटा मोठी, मान बारीक. मान खाली खाली जात होती, तरी घंटा काढत नव्हता. टण, टण.

"कोंबडेराव, कोंबडेराव, घंटा द्या.
बोकड उशी देईना,
मांजर पेचकस देईना,
कावळा पट्टी देईना,
माझी गाडी चालेना."

कोंबडा म्हणाला, माझं पोतं रेड्याने घेतलंय. रेडा त्यावर बसलाय. उठतच नाही. तू जा, त्याला सांग. मी का नाही सांगत? मला वेळ नसतो.

"आधी माझं मला, मग तुझं तुला."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

रेडा बसला होता पोत्यावर. केवढा? डोळे वर केले तरी संपेना एवढा. रवंथ करत होता. घचर, घचर.

"रेडेसाहेब, रेडेसाहेब, जरा उठा.
कोंबडा घंटा देईना,
बोकड उशी देईना,
मांजर पेचकस देईना,
कावळा पट्टी देईना,
माझी गाडी चालेना."

रेडा रवंथ करतच राहिला. घचर, घचर.

चिचुंद्रीने परत सांगितलं. सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग विचारलं, तुमचं कुणी काय नेलंय? सांगा, मी जाते, आणते.

रेडा म्हणाला, "माझं कुणी काही नेलेलं नाही."

"मग उठा ना."

"बसलोय म्हणून बसलोय."

ऐकलंत ना? त्याचं काही हरवलेलं नव्हतं. त्याला काही नको होतं. नुसता बसला होता. आणि त्याच्या बसण्यापायी सगळा माळ अडला होता.

चिचुंद्री म्हणाली, बरं. गोड बोलून झालं. पाय दुखवून झाले.

ती रेड्याच्या शेपटीवर चढली. सर्र सर्र. पाठीवर गेली. सर्र सर्र. मानेवर गेली. रेड्याला कळलंच नाही. रेड्याचं कातडं जाड. पण कानाच्या आत तोही मऊच असतो.

चिचुंद्री कानात शिरली.

कच्चकन चावली.

रेडा उठला. उठला म्हणजे काय, उडालाच. धडाड धूम. पळत पळत तळ्यात गेला. डुबुक्. तेव्हा कुठे कान सोडून चिचुंद्री काठाला आली. ओली चिंब. अंग झटकलं. परत निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

रेडा उठला,
पोतं सुटलं.
पोतं मिळालं, कोंबड्याने घंटा दिली.
घंटा मिळाली, बोकडाने उशी दिली.
उशी मिळाली, मांजरीने पेचकस दिला.

हे सगळं ओढलं कुणी? चिचुंद्रीनेच ओढलं. पोतं ओढलं, घंटा ओढली, उशी ओढली, पेचकस ओढला.

पेचकस मिळाला. कावळ्याने डबा उघडला. किर्र, किर्र, किर्र. आत होती पट्टी. हिरवी हिरवी, चपटी चपटी. कावळ्याने ती चोचीत धरली आणि म्हणाला, आता भाव वाढलाय. आणखी खोबरं आण.

चिचुंद्री पुढे सरकली. तिने तोंड उघडलं. दात दाखवले. एवढे एवढे, टोकदार टोकदार.

तळ्यात रेडा अजून कान धूत होता. कावळ्याने तिकडे बघितलं. मग दातांकडे बघितलं. आणि पट्टी दिली.

चिचुंद्री घरी आली. म्हाताऱ्याचं झाकण काढलं. धूळ फुंकली. फूऽऽ. पट्टी बसवली. खट्ट. बटण दाबलं. टुंग.

पंखा वाजला घर्रर्र. पडदा झाला लख्ख. लाल गाडी पुलावर चढली, आणि पुलावरून उतरली. भुर्रर्र.

लगेच सगळ्यांनी तिला खेळात घेतलं. आता गाडी चालत होती ना. अडली होती तेव्हा ढकलायला कुणी आलं नव्हतं.

शर्यत लागली. एक, दोन, तीन.

कावळा म्हणाला, माझ्या पट्टीमुळे चालली हिची गाडी. चिचुंद्री कावळ्याच्या पुढे गेली. भुर्रर्र.

मांजर म्हणाली, माझ्या पेचकसामुळे. मांजरीच्या पुढे गेली. भुर्रर्र.

बोकड म्हणाला, माझ्या उशीमुळे. बोकडाच्या पुढे गेली. भुर्रर्र.

कोंबडा म्हणाला, मीच तिला वाट सांगितली. कोंबड्याच्या पुढे गेली. भुर्रर्र.

सगळ्यांच्या पुढे होती रेड्याची गाडी. मोठी, काळी, रस्ताभर. रेडा म्हणाला, मी उठलो म्हणून हिचं भलं झालं.

चिचुंद्रीने गाडी त्याच्या शेजारी आणली.

"तू उठला नाहीस," ती म्हणाली. "तुला मी उठवलं."

आणि पुढे गेली.

भुर्रर्र.

गाडी गेली पुढे, गोष्ट संपली इकडे.